कणगीवरचा राउटर

वीज कडाडायला लागली की जानकीबाईंच्या घरात दोन कामं धावतपळत व्हायची. अंगणातलं वाळवण आत यायचं आणि फोनची पिन भिंतीतून बाहेर यायची. आसनगावच्या आसपास ज्यांच्या ज्यांच्या घरी फोनच्या तारेवरून इंटरनेट आलं होतं, त्यांनी हा नियम एकेक राउटर जाळून घेऊन शिकलेला होता. जानकीबाईंची सून रेश्मा तर आधी पिन काढायची आणि मग मिरच्यांकडं बघायची.

दोन हजार नऊ सालच्या ऑक्टोबरात, त्या मंगळवारच्या संध्याकाळीही तिनं पिन काढली होती. जानकीबाईंनी बघितलं नव्हतं, कारण त्या सुपात मिरच्या भरत होत्या. पण सून माजघरात धावत गेल्याचं त्यांनी ऐकलं होतं. तरी बुधवारी सकाळी राउटर लागला नाही. एक हिरवा दिवा मिणमिणायचा आणि लगेच विझायचा.

"जळला," आदेशनं रात्री घरी आल्यावर निकाल दिला. आदेश म्हणजे जानकीबाईंचा एकुलता एक मुलगा. मुंबईला एका गोदामात कारकून होता, पहाटे जायचा आणि दिवेलागणीनंतर यायचा. "नसशील काढली पिन. काढली असतीस तर जळला असता काय?"

"काढली होती," रेश्मा म्हणाली.

गुरुवारी त्यानं पुन्हा तेच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "काढली होती बहुतेक." आणि शुक्रवारी ती नुसतं म्हणाली, "नसेल काढली."

जानकीबाईंना राग आला तो इथं. राउटर जळला याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं, जगात वस्तू मोडतातच. पण तीन दिवसांत एक शहाणीसुरती मुलगी स्वतःच्या हातानं केलेलं काम 'नसेल केलं' म्हणायला लागली, हे त्यांच्या मनाला फार लागलं. अशी बाई त्यांनी पूर्वी एकदा जवळून बघितली होती. कोण, ते पुढं येईलच.

रेश्मा मुरबाडकडची, बी. कॉम. झालेली. लग्नाआधी ती कल्याणला एका ऑफिसात जायची. बाळ झालं आणि जाणं सुटलं, तेव्हा ठाण्याच्या एका कंपनीनं तिला घरबसल्या काम दिलं आणि लॅपटॉपही दिला. हातानं लिहिलेल्या जुन्या मराठी कागदांचे फोटो तिकडून यायचे, ती ते वाचून टाईप करायची आणि परत पाठवायची. जानकीबाईंना त्यातलं एवढंच कळायचं की इतरांना न लागणारं अक्षर आपल्या सुनेला लागतं. गावात त्या हे सांगत फिरायच्या, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी थांबायच्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. सोमवारी सकाळी दहाला कामावर हजर झाली तर ठीक, नाहीतर हे काम दुसऱ्या मुलीला द्यायचं ठरलंय, लॅपटॉप परत पाठवून दे. रात्री जेवताना रेश्मानं हे सांगितलं, तेव्हा आदेश मान खाली घालून भात कालवत राहिला.

"नवा घेऊ ना," तो म्हणाला. "बघू. दिवाळीच्या आसपास. आता बाळ पण लहान हाय, तुला तरी कुठं झेपतंय?"

दिवाळीला अजून आठवडा होता आणि सोमवारला तीन दिवस. एवढी वजाबाकी शाळेत न गेलेल्या बाईलाही जमते.

शनिवारी सकाळी आदेश कामाला गेल्यावर जानकीबाई माजघरात आल्या, तर रेश्मा लॅपटॉपवर फडकं फिरवून तो पिशवीत घालत होती. पोर पाळण्यात झोपलं होतं.

"काय करतंस गो?"

"परत पाठवायचाय ना आई. पुसून ठेवते."

"सोमवार उजाडलाय काय?"

रेश्मा हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर टिकलं नाही. "राहू दे ना आई. माझीच चूक. पिन काढली असती तर..."

जानकीबाई तिथून तडक निघून गेल्या, नाहीतर त्या काहीतरी बोलल्या असत्या. रेश्मा पाणी भरायला मागच्या दारी गेली तशी त्यांनी राउटर, त्याची वायर, त्याचा तो विजेचा काळा ठोकळा आणि फोनची पिन असलेली तार, सगळं ओढून काढलं, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि पिशवीत घातलं. चष्मा खुंटीवरच होता, पण चोरी करताना चष्मा कोण लावतो? तो त्यांनी निघताना पिशवीत टाकला.

"शहापूरला जाऊन येते गो," त्यांनी ओटीवरून हाक दिली. "चप्पल घ्यायचीय."

"कोणाला आई?"

"तुला," जानकीबाई म्हणाल्या आणि जीप धरायला नाक्याकडं निघाल्या.

आता कुणी म्हणेल, साठीची बाई, अक्षरओळख बेताची, ती राउटर काय निवडणार? पण जानकीबाईंना त्याची जरासुद्धा धास्ती वाटत नव्हती. गावात पूर्वी घरातल्या बाईला चप्पल आणायची तर तिला बाजारात कोणी नेत नसे. तिच्या पायाचं माप एका काडीवर घ्यायचे, काडी तोडायचे आणि ती खिशात घालून शहापूरला जायचे. काडी बसली की चप्पल बसली. आज तर काडी कशाला, आख्खा पायच पिशवीत होता.

बाजारपेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात रूपेश नावाचा तरुण मालक बसला होता. केसांना तेल, खिशाला दोन पेनं. जानकीबाई पायरी चढल्या तेव्हा त्याला वाटलं, झेरॉक्स काढायची असेल.

"आजी, झेरॉक्स बाजूला."

"झेरॉक्स नाय. राउटर दाखव."

रूपेशनं त्यांच्या मागं कोणी आहे का ते बघितलं. मागं फक्त रस्ता होता. "आजी, मुलाला पाठवा ना. यात पन्नास प्रकार असतात. तुमाला नाय कळायचं."

"मुलाला कळलं असतं तर मी कशाला आली असती?" जानकीबाईंनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या. बसलेल्या म्हातारीला उठवणं शहापूरच्या बाजारात अजून कुणाला जमलेलं नाही. "तुझ्याकडचे पन्नास नको, तीन दाखव. बाकीचे मीच नको बोलेन."

रूपेशनं एक खोकं काढलं. आतून पांढराशुभ्र डबा निघाला, वर दोन शिंगं. "हा बघा. सगळी मुंबई हाच घेतेय सध्या."

"सगळी मुंबई आमच्या भाताच्या खाचरापलीकडं राहते. तिच्या घरी काय चालतं ते मला नको सांगू." जानकीबाईंनी फडकं सोडलं, फोनची तार काढली आणि तिची पिन त्या पांढऱ्या डब्याच्या एका भोकात घातली. पिन आत गेली आणि डुगडुगली. दुसऱ्या भोकात घातली, तिथंही डुगडुगली.

"हे वाजत नाय."

"काय वाजत नाय?"

"आमच्या घरी पिन घातली की खट् वाजते. मी चार दिवसांपूर्वीपर्यंत रोज ऐकलंय. हा तुझा डबा मुका हाय."

रूपेश जरा ओशाळला. तो डबा केबलवाल्यांच्या इंटरनेटचा होता, फोनच्या तारेचा नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. पण दुकानात दोन महिने पडून राहिलेला माल दिसला की भल्याभल्या दुकानदारांना विसर पडतो. "त्याला मध्ये दुसरं एक मशीन लावलं की चालतं आजी. तेपण आहे माझ्याकडं."

"चप्पल बसत नाय म्हणून पाय दुसरा लावू काय?"

बाजूला झेरॉक्स काढायला आलेले दोघं मोठ्यानं हसले. रूपेशही हसला आणि त्या हसण्यानंतर तो जरा माणसात आला. त्यानं मागच्या फळीवरून दुसरा डबा काढला, काळा, एका शिंगाचा. जानकीबाईंनी पिन घातली. खट्. त्यांनी ती काढली, पुन्हा घातली. खट्. कानाशी धरून तिसऱ्यांदा घातली.

"हा," त्या म्हणाल्या. "आता याचे गुण सांग. खोटं सांगू नको, मी परत येणारी बाई हाय."

"याला वायर लावायची गरज नाय. डबा एका खोलीत, लॅपटॉप दुसऱ्या खोलीत, तरी चालतो. तुमचा जुना कसा गेला?"

"वीज पडली."

रूपेशनं जुना राउटर हातात घेतला, फोनच्या पिनेचं भोक उजेडाकडं धरलं, नाकाशी नेलं. "विजेनं गेलेला असा नसतो आजी. दर पावसाळ्यात माझ्याकडं वीस येतात. वीज तारेतून येते, हे भोक काळं पडतं. वास तर महिनाभर जात नाय. हा साफ आहे." त्यानं आपल्या टेबलावरचा एक ठोकळा त्या राउटरला लावला आणि बटण दाबलं.

एक दिवा लागला. मग दुसरा. मग तिसरा लुकलुकायला लागला.

जानकीबाई त्या दिव्यांकडं बघत राहिल्या.

"चांगला आहे की हा!" रूपेशनं आता जानकीबाईंच्या फडक्यातला ठोकळा उचलला, उलटा केला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "हे बघा. याला पाहिजे बारा व्होल्ट, आणि हा ठोकळा आहे सहाचा. दिवा नुसता मिणमिणत असेल, होय ना? हा याचा नव्हेच. हा रेडिओबिडिओचा असेल. कुणीतरी बदललाय."

जानकीबाईंनी पिशवीतून चष्मा काढला आणि लावला. त्या ठोकळ्याच्या तारेला मध्येच पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, दवाखान्यात जखमेवर लावतात तसली, मळून पिवळी पडलेली. ती चिकटपट्टी धाऊनं गुंडाळलेली होती. धाऊ त्यांचा नवरा, चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा रेडिओ आणि रेडिओचं सगळं सामान लोखंडी कपाटात होतं. त्या कपाटाची किल्ली आदेशच्या जानव्याला नसली तरी तेवढीच जवळ, त्याच्या करगोट्याला असायची.

त्यांना पुढं कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही. हा खेळ त्यांना तोंडपाठ होता.

भातसाचं धरण बांधलं जात होतं तेव्हाची गोष्ट. भातसानगरला साहेबांच्या बायकांनी शिवणाचा वर्ग काढला होता, आणि नवी सून जानकी डोक्यावर भाकरी बांधून रोज तिथं चालत जायची. सहा महिन्यांत ती ब्लाउज शिवायला शिकली. माहेरच्यांनी पायाचं मशीन घेऊन दिलं. वसाहतीतल्या बायका कपडे पाठवायला लागल्या, ओटीवर कापडांचे गठ्ठे दिसायला लागले, आणि सासऱ्यांच्या कपाळावर आठ्या. ते एका शब्दानं बोलले नाहीत. एक दिवस मशीनचा चामड्याचा पट्टा नाहीसा झाला.

"उंदरानं नेला," सासरे म्हणाले. "तू रात्री उघडं टाकलंस ना मशीन?"

झाकलं होतं, असं जानकी म्हणाली. मग, झाकलं होतं बहुतेक. मग, नसेल झाकलं. नवा पट्टा पुढच्या बाजाराला यायचा होता. तो पुढचा बाजार बारा वर्षं आला नाही. सासरे गेल्यावर माळा झाडताना तंबाखूच्या एका डब्यात पट्टा सापडला, नीट गुंडाळलेला, वर दोरा बांधलेला. उंदीर काही दोरा बांधत नाही. धाऊला दाखवला तर तो म्हणाला, "बाबा होते गो ते. आता जाऊ दे." आणि जानकीनं जाऊ दिलं. मशीनचं डोकं तोवर गंजून गेलं होतं, ते भंगारात दिलं. खालचा लोखंडी सांगाडा आणि वरची फळी तेवढी राहिली. रेश्माचा लॅपटॉप आता त्याच फळीवर असायचा.

"वाचलात आजी," रूपेश म्हणत होता. मुलगा मनानं चांगला निघाला. "नवा घ्यायची गरजच नाय. नुसता ठोकळा घ्या, दोन मिनिटांचं काम आहे."

जानकीबाईंनी राउटर आणि ठोकळा परत फडक्यात बांधला. त्यांना रडू येत नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वीचा राग एवढा ताजा राहतो याचंच त्यांना नवल वाटत होतं.

"नाय," त्या म्हणाल्या. "नवाच दे."

"अहो पण हा चालतोय!"

"हा चालतोय, पण हा उघड्यावर राहतो. वायर आखूड, लॅपटॉपच्या बाजूला ठेवावा लागतो. येणारा जाणारा कोणी पण हात लावतो. मला तो एका शिंगाचा पायजे, लांबून चालणारा. आता सांग, लोखंडी पेटीत कुलूप लावून ठेवला तर चालेल काय?"

"नाय हो. लोखंडातून काय बाहेर येत नाय."

"कुडाच्या भिंतीतून?"

"म्हणजे कारवीच्या? शेणामातीच्या?" रूपेशनं क्षणभर विचार केला. "आरामात. स्लॅबच्या घरात मारामार असते, कुडातून तर सरळ जाईल."

"मग बांध," जानकीबाई म्हणाल्या. आदेशनं गेल्या वर्षी पुढच्या दोन खोल्या पाडून स्लॅबच्या केल्या होत्या. मागची खोली तेवढी त्यांनी हट्टानं कुडाची ठेवली होती. त्या वेळी सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. "आणि नाय चालला तर?"

"सोमवारी परत आणा, बदलून देतो."

"सोमवारी नाय. सोमवारी दहाला माझी सून कामावर हाय. नाय चालला तर आज सूर्य मावळायच्या आत येईन, आणि या स्टुलावरच बसेन."

दुकान उघडं ठेवतो, असं रूपेशनं कबूल केलं. पैसे जानकीबाईंनी आपल्या कनवटीचे दिले.

परतताना त्यांनी सोमाला गाठलं. सोमा तारखात्यातला जुना लाईनमन, आता निवृत्त, पण पंचक्रोशीतल्या घराघरांतली फोनची तार त्यानंच ओढलेली. कुणाच्या घरात कुठल्या कौलाखालून तार जाते हे त्या घरच्यांपेक्षा त्याला जास्त ठाऊक. जीपमध्ये जानकीबाई त्याला म्हणाल्या, "तार वाढवायचीय. माजघरातून कणगीच्या खोलीत."

"भाताच्या कणगीशी फोन कशाला वहिनी? भात फोनवर बोलणार हाय काय?"

"बोलेल. तू तार ओढ."

कणगीची खोली म्हणजे तीच मागची, कुडाच्या भिंतींची. भाताची कणगी, बांबूची विणलेली आणि शेणानं लिंपलेली, तिथं असायची आणि त्या खोलीची किल्ली जानकीबाईंच्या कमरेला. धाऊ असतानाही ती त्यांच्याच कमरेला होती. या घरात पुरुषांनी कपाटाची किल्ली ठेवायची आणि बायकांनी कणगीची, हे कुणी न ठरवता ठरलेलं होतं. पुरुषांना वाटायचं मोठी किल्ली आपली.

रेश्मा पोराला कडेवर घेऊन दारात उभी होती. मशीनच्या फळीवरून राउटर गायब झालेला तिनं बघितला होता. "आई, चप्पल?"

"आणली," म्हणून जानकीबाईंनी खोकं तिच्या हातात दिलं आणि त्या सोमाला घेऊन आत गेल्या.

तासाभरात सोमानं वाशांवरून तार नेली. ऑक्टोबरात कणगी तळाला गेलेली असते, त्यामुळं तिच्या झाकणावर जागाच जागा होती. राउटर तिथं बसला. पिन खट् वाजली. रेश्मानं खोक्यातला कागद वाचून लॅपटॉपवर काय काय भरलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. माजघरात, मशीनच्या फळीवर, चार दिवसांनी पहिल्यांदा तिचे ते जुने कागद पडद्यावर उघडले. तिनं पडद्याला हात लावून बघितलं.

सोमा चहा पिऊन गेला. मग रेश्मा सासूजवळ येऊन बसली.

"आई, खरं सांगू? मी पिन काढली होती. मला आठवतंय. उजव्या हातात बाळ होतं म्हणून मी डाव्या हातानं काढली."

"ठाऊक हाय मला."

"तुमी बघितलं होतं?"

"नाय बघितलं. तरी ठाऊक हाय. आणि आता कोणी विचारलं तर 'बहुतेक' बोलायचं नाय. बोललीस तर मी हा डबा परत देऊन येईन."

दिवेलागण झाली. आदेश आला, पिशवी खुंटीला लावली, पाय धुतले आणि माजघरात आला. रेश्मा काम करत होती. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. आदेश जागच्या जागी थांबला.

"हे कसं काय चालू झालं?"

"बस," जानकीबाई म्हणाल्या. त्यांनी जुना राउटर आणि त्याचा तो ठोकळा त्याच्यासमोर पाटावर ठेवला. चिकटपट्टीची बाजू वर ठेवली. मग आपल्या पेटीतून तंबाखूचा डबा काढला, त्यातला पट्टा काढला आणि तोही शेजारी ठेवला. चामडं सुकून काटकीसारखं कडक झालं होतं.

"हा काय हाय ठाऊक हाय तुला?"

"नाय."

"माझ्या मशीनचा पट्टा. तुझ्या आज्यानं लपवला आणि उंदरानं नेला बोलला. मी बारा वर्षं उंदराला शिव्या दिल्या आणि स्वतःला पण दिल्या. सापडला तेव्हा तुझा बाप बोलला जाऊ दे. मी जाऊ दिलं. तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, इथंच, दाराशी उभा होतास. मी तेव्हा ओरडली असती ना, तर आज तुला ही अक्कल सुचली नसती."

आदेश ठोकळ्याकडं बघत होता. रेश्माची बोटं थांबली होती.

"आई, तसं नव्हतं गो... गाडीत सगळे बोलतात. तुझा काय, बायको कमावते. आणि घरी आलो की ही त्या पडद्यात. बाळ रडत असतं. मला वाटलं थोडे दिवस बंद राहिलं तर..."

"तर तिला तोंडावर सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. ती पण भांडली असती, तुझ्यापेक्षा बरी भांडते ती. तू तिला सांगितलंस की तिनं पिन काढली नाय." जानकीबाईंचा आवाज चढला आणि त्यांनी तो चढू दिला. शेजारी ताराबाईच्या ओटीवर ऐकू जात असणार, तर जाऊ दे. "तिच्या हातावरचा तिचा भरोसा काढून घेतलास तू. राउटर बाजारात मिळतो रे. ते कुठल्या दुकानात मिळतं?"

रेश्मा उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी पिन काढली होती," ती म्हणाली.

"हो," आदेश म्हणाला. "काढली होतीस. मी आलो तेव्हा ती बाहेरच होती."

"खरा ठोकळा कुठं हाय?"

तो उठला, ओटीवर गेला, खुंटीवरची पिशवी घेऊन आला. जेवणाच्या डब्याखाली, पासाच्या पाकिटाशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेला ठोकळा होता. घरात ठेवला तर सापडेल म्हणून चार दिवस तो रोज मुंबईला जात होता आणि रोज परत येत होता. आदेशनं तो रेश्माच्या हातात दिला. देताना त्याचे डोळे भरून आले, हे जानकीबाईंनी बघितलं. मुलगाच तो. पण त्यांनी त्याला जवळ घेतलं नाही. आज नाही.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. कणगीच्या खोलीची किल्ली माझ्याकडं हाय. माझ्यानंतर ती रेश्माकडं जाणार. कपाटाची किल्ली पण उद्यापासून खुंटीवर राहील, सगळ्यांना दिसेल अशी."

आदेशनं करगोट्याची किल्ली तेव्हाच सोडली.

रविवारी जानकीबाईंनी स्वतः ओटीच्या भिंतीत एक खिळा ठोकला, बरोब्बर समोर, जिथं लोक देवाचं कॅलेंडर लावतात. त्यावर त्यांनी मशीनचा सुकलेला पट्टा टांगला आणि त्याच्याशेजारी तो चिकटपट्टीचा ठोकळा. आदेश म्हणाला, "आई, लोक विचारतील." त्या म्हणाल्या, "म्हणून तर."

सोमवारी पावणेदहाला रेश्मा मशीनच्या फळीशी बसली. तिचे पाय सवयीनं खालच्या लोखंडी पायडलवर गेले, आणि ती टाईप करायला लागली तसे हळूहळू हलायला लागले. मोकळं चाक कुरकुरत फिरायला लागलं. जानकीबाई पोराला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या होत्या. किती वर्षांनी तो आवाज त्यांच्या कानावर पडत होता. त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहतात तर वाहू दिले.

तेवढ्यात ताराबाई आली. शनिवारचा सगळा आरडाओरडा तिनं ऐकला होता आणि दोन दिवस कसाबसा धीर धरला होता. तिनं खिळ्याकडं बघितलं, जानकीबाईंकडं बघितलं, मग पुन्हा खिळ्याकडं.

"हे काय गो टांगलंयस, जानके?"

आदेशची नेमकी तेव्हाच निघायची वेळ झाली होती. पोराला डॉक्टरकडं दाखवून आणायला सकाळी तो थांबला होता आणि आता उशिराच्या गाडीला चालला होता. तो दारात बुटाची नाडी बांधत बसला. नाडी काही केल्या बांधून होईना.

जानकीबाई मुलाकडं बघत राहिल्या. ताराबाईही त्याच्याकडं बघायला लागली. आतून टाईप केल्याचा आवाज येत होता.

आदेशनं नाडी सोडली आणि मान वर केली.

"काय नाय मावशी," तो म्हणाला. "आमच्या घरात उंदीर होते. दोन. एक मी होतो."